जाणारा वेग

४ फेब्रुवारी

चि. मिठूस,

फोन करायचा सोडून ताई पत्र का लिहिते, असं तुझी बायको विचारेल. तिला सांग, फोनवर तुझ्यातला नोकर जागा होतो. मागच्या वेळी फोन केला तेव्हा सख्ख्या आतेबहिणीला तू "आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे" असं म्हणालास आणि मग बासरी ऐकवत बसवलंस. कागदाला होल्डवर ठेवता येत नाही.

तर तुझ्या कंपनीचं फायबर. गेल्या पावसाळ्याच्या आधी तू माझ्या दिवाणखान्यात बसून म्हणालास, "ताई, डोळे मिटून घे." मी डोळे मिटले आणि सही केली. ओळखीचं गिऱ्हाईक आणलं म्हणून तुला चाकांची बॅग मिळाली, मला दोन वर्षांचा करार. तुमच्या जाहिरातीत एक मुलगी आहे, तिचे केस वाऱ्यावर उडताहेत आणि खाली लिहिलंय, 'विजेचा वेग, आता घरात'. माझा अनुभव सांगतो की ती मुलगी इंटरनेट वापरत नसून पंख्यासमोर बसली आहे.

तुझ्या दृष्टीने ताई 'हातवारे करते', म्हणून नीट सांगते. मी खुणांच्या भाषेची दुभाषी. दवाखान्यात ऐकू न येणारा पेशंट डॉक्टरांसमोर बसतो. टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा, त्या पडद्यात मी, माझ्या घरून. डॉक्टर बोलतात ते मी हातांनी सांगते, पेशंट हातांनी बोलतो ते मी तोंडाने. पाठीमागे साधा निळा पडदा, अंगात काळा सदरा, हातात बांगडी नाही, कारण बघणाऱ्याला फक्त हात दिसले पाहिजेत. माझ्या धंद्याचं सगळं भांडवल मनगटाच्या पुढे आहे.

परवा एका डॉक्टरांनी एका पेशंटला सांगितलं, "ऑपरेशनची गरज नाही." कोण, कुठला ते विचारू नकोस, सांगणार नाही. आमच्या भाषेत 'नाही' शेवटी येतं. मी 'ऑपरेशन' अशी खूण केली आणि नेमका तेव्हाच तुमच्या विजेने दम खाल्ला. मी पडद्यावर गोठले. इकडे मी जिवाच्या आकांताने 'नाही, नाही' करतेय आणि तिकडे त्या माणसासमोर एक दगडी बाई पोटाशी सुरीसारखा हात धरून बसली आहे. त्याची बायको रडायला लागली. 'नाही' पोचलं तोवर डॉक्टर त्याला पाणी पाजत होते.

मला ही कामं देणाऱ्या संस्थेच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, "आज गरज नव्हती म्हणून निभावलं. गरज असती आणि उलटं पोचलं असतं तर?" एप्रिलच्या शेवटी माझ्या जोडणीची तपासणी आहे. त्यात चित्र अडकलं तर दवाखान्याच्या यादीतून माझं नाव जाईल, आणि त्या यादीत परत घेत नाहीत. तोवरही दवाखान्याचं काम बंदच.

मिठू, बाकीची कामं मी पोटासाठी करते. दवाखान्याचं काम मी करते कारण ते मला येतं. तेव्हा एप्रिलच्या आत दोन्हीपैकी एक कर. एक तर बोललास तसा वेग दे, नाहीतर मला या करारातून मोकळी कर.

ताई


११ फेब्रुवारी

आदरणीय ताईस,

सर्वप्रथम आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. (हात आपोआप लिहून गेला. खोडत नाही, भावना खरी आहे.)

ताई, तू चिडलीस की छान लिहितेस. पण माझी बाजू ऐक. जाहिरातीतल्या आकड्याच्या आधी बारीक अक्षरात 'कमाल' असं लिहिलेलं असतं. तेवढा वेग मिळू शकतो, मिळेलच असं आम्ही म्हटलेलं नाही. मैलाच्या दगडावर शहराचं नाव असतं म्हणून दगडापाशी शहर असतं का? शिवाय तुझ्या गल्लीची तार सगळ्यांची मिळून एकच. संध्याकाळी सगळी गल्ली सिनेमे बघायला बसली की ज्याच्या त्याच्या वाट्याला थोडंथोडं येणार. हे काय कंपनीचं पाप आहे? ही तर माणसाची जात.

तू असं कर. राउटर कपाटावरून काढून मोकळ्यावर ठेव. माशांच्या टाकीपासून लांब ठेव, पाण्यातून लहरी जात नाहीत. बंद करून चालू कर. घाई न करता चालू कर. तरी नाही जमलं तर मी माणूस पाठवतो, तो तार जोडून मोजेल.

कराराचं म्हणशील तर ते बंधन नव्हे, नातं आहे. मध्येच सोडायचं म्हटलं तर उरलेल्या महिन्यांचं शुल्क एकरकमी भरावं लागतं, ते काही तुला परवडायचं नाही आणि मला बघवायचं नाही. तुला माहीत आहे, मी ग्राहकस्नेह विभागात आहे. जो निघाला त्याला थांबवायचं हे आमचं काम. गेल्या महिन्यात सर्वांत जास्त माणसं थांबवली म्हणून कॅन्टीनच्या भिंतीवर माझा फोटो लावलाय. आता घरातलंच माणूस निघालं तर तो फोटो कुठल्या तोंडाने बघू?

आमच्या घरी तर तेच फायबर असं उडतंय की विचारू नकोस. धीर धर.

तुझा,
मिठू

वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून ही ओळ. आमच्या घरी यांच्या कंपनीचं नाहीये. समोरच्या कंपनीचं आहे, आणि ते खरंच उडतं. माझ्या नावावर घेतलंय, ऑफिसात कळू नये म्हणून.


१७ फेब्रुवारी

चि. मिठू,

तुझ्या बायकोची ओळ तुझ्या दोन पानांपेक्षा मोलाची निघाली. तिला म्हणावं, यापुढे पत्रं तीच लिहू दे, तू पाकिटं चिकटव. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण मी लहानपणापासून ऐकते. सोनूबाई स्वतः शेजारणीचं सोनं घालून हिंडते हे मात्र नवीन.

तू सांगितलंस ते सगळं केलं. राउटर मोकळ्यावर ठेवला. मासे दुसऱ्या खोलीत नेले, ते बिचारे अजून भिंतीकडे तोंड करून बसलेत. घाई न करता बंद केलं, घाई न करता चालू केलं. मग तुमचा माणूस आला. भला होता, चपला बाहेर काढून आला. त्याने राउटरला तार जोडली, लॅपटॉपवर वेगाचा काटा लावला आणि काटा असा पळाला की मलाच अभिमान वाटला.

"बघा बाई, उत्तम आहे," तो म्हणाला.

"हे काय मोजलंत?"

"डाउनलोड. बाहेरून तुमच्याकडे येतंय ते."

"आणि माझ्याकडून बाहेर जातं ते?"

"अपलोड? ते कुणी बघत नाही, बाई."

"मी बघते. माझे हात बाहेर जायचे असतात."

त्याने खांदे उडवले आणि मोजलं. काटा उठला, दोन पावलं चालला आणि जेवण झालेल्या म्हाताऱ्यासारखा खाली बसला. परत उठला, परत बसला. त्या माणसाने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "माझ्या कागदावर फक्त येणाऱ्याचा रकाना आहे," आणि त्या रकान्यात 'उत्तम' लिहून, चपला घालून गेला.

म्हणजे जाहिरातीतला तो आकडा सगळा येण्याचा. जगातले सगळे सिनेमे माझ्या घरात धावत येतील, पण माझे दोन हात उंबरा ओलांडू शकत नाहीत. जुन्या काळची सासरं अशी असायची असं ऐकलंय, वाजतगाजत आत घ्यायचं आणि बाहेर जायचं नाव काढलं की दाराला कडी.

तुमच्या मदतकेंद्रालाही फोन केले. दर वेळी फोन ठेवल्यावर निरोप येतो, 'आपली विचारणा नोंदवली आहे.' मी विचारणा करत नाही रे, तक्रार करते. दोन्हींतला फरक तुमच्या मुलींना कळत नाही असं मला वाटत नाही, त्यांचे आवाज फार हुशार आहेत.

आता सरळ विचारते, सरळ सांग. जाण्याच्या वेगाची काही हमी करारात आहे का? आणि ती पाळली नाही तर गिऱ्हाइकाला दंड न भरता जाता येतं का? हो किंवा नाही. मैलाचे दगड नकोत.

दवाखान्याचं काम बंद असल्यामुळे संस्थेने मला सध्या कंपन्यांच्या ग्राहकसेवेच्या कॉलवर बसवलंय. तिथे चित्र अडकलं तरी कुणी दगावत नाही, नुसतं चिडतं. दिवसभर लोकांच्या वॉशिंग मशिनच्या तक्रारी हातांनी सांगते. हात झिजत नाहीत, मन झिजतं.

ताई


२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

बायकोशी या विषयावर बोलणं झालं. म्हणजे ती बोलली. त्यावर पडदा टाकू.

तुझा प्रश्न सरळ आहे हे मान्य. पण ताई, 'हो किंवा नाही' अशा प्रश्नांना उत्तर देण्याचं आम्हाला प्रशिक्षणच नाही. आमच्या टेबलाला काय सांगायचं आणि काय आपणहून काढायचं नाही याचे नियम आहेत. मी ते तुला सांगितले तर उद्या माझ्या खुर्चीवर दुसरा बसेल, आणि तो तुला ताई म्हणणार नाही. तुझ्यासाठी मी एवढं करू शकतो, आमचा सुवर्ण पॅक घे. त्यात जाण्याचा वेगही जास्त आहे, कमाल. महिन्याचं थोडं वाढेल, करार नव्याने दोन वर्षांचा होईल, पण नातं म्हटलं की ते नव्याने होतच असतं.

रागावू नकोस. एक चांगली बातमी देतो, तुला अभिमान वाटेल. आमच्या कंपनीने ऐकू न येणाऱ्या ग्राहकांसाठी व्हिडिओवर दुभाषी देण्याची सोय या महिन्यापासून सुरू केली आहे. बाहेरच्या कुठल्याशा संस्थेला काम दिलंय. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर भाषण केलं, "प्रत्येक ग्राहकाचा आवाज आमच्यापर्यंत पोचला पाहिजे." मी सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्याला सांगितलं, आमची ताई हेच काम करते. असे कॉल घेण्यासाठी माझं नाव सगळ्यांत आधी दिलंय. तुझ्या कामाची मला कदर नाही असं यापुढे म्हणू नकोस.

तुझा,
मिठू


५ मार्च

ताई,

काल तू मला खड्ड्यात घातलंस, आणि तेही निळ्या पडद्यासमोर, काळा सदरा घालून.

मला काय ठाऊक ती 'कुठलीशी संस्था' म्हणजे तुझी संस्था. दुभाषीचा कॉल आला म्हणून हेडफोन नीट केला, केस नीट केले. पडद्याच्या एका चौकटीत चष्म्याचं दुकान चालवणारे एक गृहस्थ, दुसऱ्या चौकटीत तू. मला इतका आनंद झाला की मी हात हलवला. तू हलवला नाहीस. तू म्हणालीस, "हे अधिकारी माझे नातेवाईक आहेत हे मी दोन्ही बाजूंना सांगते आहे. हरकत असेल तर दुसरी दुभाषी मिळेल." चष्मेवाल्यांनी काहीतरी खूण केली आणि तू त्यांचं वाक्य बोललीस, "चालेल. नातेवाईकासमोर माणूस कमी खोटं बोलतो." मीही चालेल म्हटलं. तिथेच चुकलं.

त्यांची तक्रार तीच, तुझीच. मुलगी लांब असते, दोघं रोज हातांनी गप्पा मारतात, तिचे हात यांना दिसतात, यांचे हात तिकडे पोचेपर्यंत तुकडे होतात. करार मोडायचाय. मी माझं नेहमीचं सुरू केलं, कमाल, गल्ली, मैलाचा दगड. तू सगळं हातांनी सांगत होतीस. मैलाचा दगड तू असा काही केलास की मलाच तो खोटा वाटला.

आणि मग मला तुझी दया आली. तुझा चेहरा समोर होता, ओढलेला. मला वाटलं, पत्रात लिहिता येत नाही, फोनवर बोलता येत नाही, पण इथे ताई समोर आहे आणि त्या गृहस्थांना तर ऐकूच येत नाही. म्हणून मी आवाज खाली आणून म्हणालो, "ताई, हे यांना सांगू नकोस हं. पण तुझ्यासाठी म्हणून सांगतो." आणि जे सांगायचं नसतं ते सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते इथे परत लिहीत नाही. एकदा तोंड पोळलं तेवढं पुरे.

बोलता बोलता वर बघतो तर तुझे हात चालूच. एक शब्द मागे नाहीत. "हे यांना सांगू नकोस" हेसुद्धा तू सांगितलं असणार, कारण चष्मेवाले नेमके तिथे हसले. मी म्हटलं, "ताई, थांब, काय करतेस?" तर तेही तू सांगितलंस. मी गप्प बसलो, तर तू हात खाली घेऊन माझ्याकडे बोट केलंस, म्हणजे 'अधिकारी गप्प आहेत' हेसुद्धा सांगून टाकलंस. मग त्यांचं वाक्य आलं, "तो मधला भाग परत एकदा, सावकाश सांगायला सांगा. लिहून घेतो."

एवढ्यावर भागलं नाही. तू मध्येच गोठलीस. एक हात कानाशी, डोळे अर्धे मिटलेले. परत हललीस तेव्हा चष्मेवाल्यांचा प्रश्न घेऊनच, "ग्राहक विचारताहेत, या दुभाषीबाईंनी फायबर कुणाचं घेतलंय?" माझ्या कंपनीच्या कॉलवर, माझ्या कंपनीच्या फायबरवर, माझ्याच बहिणीच्या तोंडून हा प्रश्न मला ऐकावा लागला.

सगळं रेकॉर्ड झालंय. साहेबांनी सोमवारी बोलावलंय. एक शब्द गिळला असतास तर काय बिघडलं असतं, ताई? माझ्यासाठी, एकच.

मिठू


९ मार्च

चि. मिठू,

तू कुठल्या कॉलबद्दल लिहितोस त्यावर मला काही बोलता येत नाही. असा कॉल झाला की नाही हेही सांगता येत नाही. दवाखान्यातली ती गोष्ट तुला सांगितली तेव्हा त्या माणसाला नाव नव्हतं, चेहरा नव्हता. तू ज्यांच्याबद्दल लिहितोस त्यांचा चेहरा तू पाहिलायस. म्हणून त्यांच्याविषयी माझ्याकडून शून्य.

नियम मात्र सांगते, तो गुपित नाही. दुभाषी खोलीत असताना जे बोललं जातं ते सगळं जातं. कुजबुज जाते, शिवी जाते, दारात कुणी हाक मारली तर तीही जाते. ऐकू येणाऱ्या माणसाला जे कानावर पडलं असतं ते सगळं ऐकू न येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडलं पाहिजे, नाहीतर त्याच्या समोर बसून त्याच्या पाठीमागे बोलल्यासारखं होतं. त्यांचं अर्धं आयुष्य त्यातच जातं. घरातले हसतात, हे विचारतात काय झालं, घरातले म्हणतात काही नाही, नंतर सांगतो. ते नंतर कधी येत नाही. 'एक शब्द गिळला असतास तर' असं तू लिहिलंस. डॉक्टरसुद्धा कधी कधी तेच म्हणतात, नातेवाईक तर रोज म्हणतात. एकदा गिळायला लागले की मी दुभाषी राहत नाही, त्या माणसाभोवतीची आणखी एक भिंत होते.

आता दुसरा नियम, तो तुला आवडणार नाही आणि मलाही फारसा आवडत नाही. कामावर जे कानावर पडतं ते माझं नसतं. पोस्टमनने पाकिटातली नोट घ्यायची नसते, तसं. उद्या एखाद्या कॉलवर कुणी मला माझ्याच कुलपाची किल्ली कुठे ठेवली आहे ते सांगितलं, तरी ती किल्ली मला उचलता येत नाही. समोरचं गिऱ्हाईक मोकळं होऊन जाईल, आणि तेच ऐकलेली दुभाषी कुलपाच्या आत बसून राहील. तपासणी जवळ येते आहे आणि मी अगदी अशीच बसून आहे.

पण मिठू, एक प्रश्न मी तुला सतरा फेब्रुवारीलाच विचारला होता. पत्र काढून बघ, तारीख वर आहे. तेव्हा मी काही ऐकलेलं नव्हतं, तुमच्या कंपनीने माझ्या संस्थेला काम दिलंय हेही मला माहीत नव्हतं. तोच प्रश्न जशाचा तसा आज परत विचारते, भावाला नव्हे, कंपनीच्या माणसाला. जाण्याच्या वेगाची हमी आहे का, आणि ती मोडली तर जाता येतं का?

तू उत्तर दिलं नाहीस तर मी समजून घेईन. तुझी नोकरी आहे, घर आहे. पण मग पुन्हा मला गोड पत्र लिहू नकोस. उत्तर दिलंस तर कागदावर दे, खाली सही कर, आणि आवाज खाली आणू नकोस.

सोमवारी साहेबांसमोर ताठ बस. तू कधी नव्हे ते खरं बोललायस, त्याची लाज वाटून घेऊ नकोस. हे मी कुठल्याही कॉलबद्दल बोलत नाहीये.

ताई


१४ मार्च

ताई,

सोमवारची हकिकत आधी.

साहेबांनी दार लावलं, रेकॉर्डिंग लावलं. आम्ही दोघांनी माझा आवाज ऐकला, खाली आणलेला. मग साहेबांनी माझ्यावरचा आरोप लिहायला घेतला. 'सदर कर्मचाऱ्याने ग्राहकाला' इथवर लिहिलं आणि पेन थांबलं.

"काय केलंस रे तू नक्की?"

"अट सांगितली, साहेब."

"खोटी?"

"नाही. आपल्याच करारातली आहे, छापलेली."

"मग मी काय लिहू? ग्राहकाला कराराची अट सांगितली?" त्यांनी कागदाकडे असं बघितलं, जणू कागदच गुन्हेगार आहे. "हे वर पाठवलं तर वरचे विचारतील, मग इतके दिवस काय सांगत होतात?"

मग त्यांनी कागद चुरगाळला, स्वतःच्या खिशात घातला, टोपलीत नाही. म्हणाले, "त्या चष्मेवाल्याने त्यांच्या ऐकू न येणाऱ्यांच्या मंडळातल्या सगळ्यांना सांगितलंय. कालपासून तक्रारी येताहेत, सगळ्या एकाच शब्दांत, तुझ्या. त्या घ्यायला आपल्याकडे टेबल आहे का?"

"आहे साहेब. त्यावर प्रिंटरचे कागद ठेवतो आपण."

"कागद उचल आणि तू बस तिथे. आणि यापुढे आपणहून काही काढायचं नाही. विचारलं तर सांगायचं."

अशी माझी बदली झाली. कॅन्टीनमधला फोटो उतरवला, तिथे आता हात धुण्याच्या सूचना आहेत. बायको म्हणते, दोन्हींत सूचनाच जास्त कामाच्या.

आता तुझा प्रश्न. साहेबांचा नियम आहे, विचारलं तर सांगायचं. तू विचारलंयस, आणि लेखी, आणि कॉलच्या आधीपासून. म्हणून खणखणीत सांगतो.

हो. करारात किमान वेगाची हमी आहे, येण्याचीही आणि जाण्याचीही. जाहिरातीत जो आकडा ओरडतो तो कमाल, आणि करारात जो कुजबुजतो तो किमान. ते काही लपवलेलं नाही, छापलेलं आहे. गिऱ्हाइकाची नजर तिकडे जाऊ नये एवढंच आमच्या टेबलाचं काम होतं. तू फोनवर 'वेग कमी आहे' म्हणालीस की ती विचारणा होते, आणि विचारणेला मुदत नसते. 'हमीचा किमान वेग मिळत नाही, ही तक्रार आहे, तक्रारीचा क्रमांक द्या' असं म्हटलंस की त्या क्षणापासून कंपनीला एक महिना मिळतो. त्यात त्यांनी तारेने मोजायचं, दोन्ही बाजूंनी, आणि दुरुस्त करायचं. नाही झालं तर तू दंड न भरता जाऊ शकतेस. आमच्या माणसाने मोजलं तेव्हा जाण्याचा काटा बसला होता असं तू लिहिलंस. म्हणजे तुझी तक्रार पहिल्या दिवसापासून उभी राहणारी होती. मला ते तुझ्या पहिल्या पत्रावरूनच वाटलं होतं आणि तुझ्या दुसऱ्या पत्राने खात्री झाली होती. तेव्हा मी तुला मासे हलवायला सांगितले आणि मग सुवर्ण पॅक विकत होतो.

लगेच तक्रार कर, महिना हातात आहे तोवर. ती माझ्या टेबलावर आली तर मी वर लिहीन की अर्जदार माझी नातेवाईक आहे, हरकत असेल तर दुसऱ्याकडे द्या. हे कुणाकडून शिकलो ते सांगायला नको.

खाली सही आहे. आवाज नेहमीचाच आहे.

मिठू


३ मे

चि. मिठू,

मी यादीत आहे. हे आधी सांगितलं म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मी फोन केला. मुलीने विचारलं, "मॅडम, वेग कमी आहे का?" मी म्हटलं, "नाही. हमीचा किमान वेग मिळत नाही. ही तक्रार आहे. क्रमांक द्या." पलीकडे बासरीसुद्धा वाजली नाही. क्रमांक आला. मग तुमची माणसं आली, या वेळी दोघं, आणि त्यांच्या कागदावर दोन रकाने होते. त्यांनी गल्लीच्या कोपऱ्यावरची पेटी उघडली, बंद केली, माझ्या घरातली तार बदलली, परत मोजलं. काट्याचा म्हातारा उठायचा आणि बसायचा. पहिल्या वेळचा तो भला माणूस त्यांच्यात होता. जाताना हळूच म्हणाला, "बाई, या पेटीवर सगळी गल्ली लटकलीय. आम्ही काटा बदलू शकतो, पेटी नाही." महिना संपला तेव्हा कंपनीने मला मोकळी केल्याचं दोन ओळींत कळवलं. तुझ्या बायकोला विचारून मी समोरच्या कंपनीचं घेतलं. सही करायच्या आधी जाण्याची किमान हमी विचारली. विकणारा म्हणाला, हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारतंय. मी म्हटलं, शेवटचा नसेल.

तपासणीला संस्थेच्या बाई स्वतः पलीकडे बसल्या. मुद्दाम भरभर बोलत होत्या, औषधांची नावं, मात्रा, काय खायचं, काय टाळायचं. मी सगळं सांगितलं. शेवटी त्या गप्प बसल्या आणि मी हात खाली ठेवले. त्या म्हणाल्या, "सोमवारपासून सकाळची पाळी चालेल का?" पहिली सकाळ झाली. त्याबद्दल मी तुला काहीच सांगणार नाही.

परवा मात्र एक फोन आला तो सांगते, कारण तो दुभाषी म्हणून आला नव्हता, गेलेलं गिऱ्हाईक म्हणून आला होता. तुझ्या जुन्या विभागातली मुलगी. "मॅडम, तुम्ही गेलात आणि आमचं घर सुनं झालं. नातं असं एका तक्रारीवर तुटतं का?" मी म्हटलं, "पोरी, हे तू लिहिलंस का?" ती म्हणाली, "नाही मॅडम, आधीच्या सरांनी लिहून ठेवलंय, आम्ही वाचतो." मला वाटलंच. असा गुळाचा पाक माझ्या मामाच्या घराबाहेर कुणाला येत नाही. मी तिला सगळं वाचू दिलं. चांगलं वाचत होती, सुरात.

वाचून झालं. मग म्हणाली, "मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय, तरी विचारते. आमच्या घरी आपलंच फायबर आहे. आई ऑनलाइन शिकवण्या घेते, आणि तिचा चेहरा मुलांना दिसतच नाही. तुम्ही कशा सुटलात?"

मी तिला सगळं सांगितलं, नेहमीच्या आवाजात. मग म्हटलं, तक्रार कुणाकडे करायची तेही सांगते. ती म्हणाली, ते टेबल आमच्याच मजल्यावर आहे, पण तिथे अजून कुणी जात नाही, सगळे लांबून बघतात. मी म्हटलं, तू जा.

ती येत्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तुझ्याकडे येईल. प्रिंटरचे कागद खुर्चीवर असतील तर उचलून ठेव, तिला बसायला जागा हवी.

ताई